पायांचे फोटो काढणारी ताहिराभाभी

महमूदभाईंच्या स्टुडिओवर पाटी त्यांच्या एकट्याच्या नावाची होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, महमूदभाई काळ्या फडक्याखाली डोकं घालायचे, "हलू नका" म्हणायचे, आणि चार दिवसांनी फोटो मिळायचा. त्या चार दिवसांत मागच्या खोलीत काय होतं हे विचारायचं कोणाला कारण नव्हतं. काचेच्या प्लेटा धुणं, वाळवणं, नवरीच्या गालावरचा देवीचा वण पेन्सिलीने बुजवणं, कागदावर छाप उतरवणं, हे सगळं त्यांची बायको ताहिरा करायची. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती पनवेलच्या मोहल्ल्यात आली. मी तिला ओळखायला लागले तेव्हा ती तिशीला आली होती, आणि औषधांच्या पाण्याने तिची बोटं तपकिरी पडून नखांपाशी चिरलेली होती.

मी चंद्रावती, मूळची कोन गावची. नवरा लवकर गेला, तेव्हा वडिलांनी मला मुंबईला नर्सिंग शिकायला घातलं. तिथून परत आले ती डॉ. कमळाकर चौबळांच्या दवाखान्यात. टपाल नाक्याजवळ त्यांचा दवाखाना होता. पुढे तपासायची खोली, मागे पाच खाटा आणि एक ऑपरेशनचं टेबल. डॉक्टर हुशार होते, जरा तापट होते, आणि आलेला पेशंट बरा झाला नाही की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा.

त्यांचा सगळ्यात मोठा अपमान म्हणजे मिठागरातल्या बायकांचे पाय.

गव्हाणकडच्या आणि उरणच्या बाजूच्या बायका दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहून मीठ ओढायच्या, डोक्यावर पाट्या वाहायच्या. पावसाळ्यात त्याच बायका चिखलात भात लावायच्या. पाय सुजलेले, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला जखम. रुपयाएवढी असायची, पुढे तळहाताएवढी व्हायची. दोन वर्षं, पाच वर्षं भरत नसे. मी धुवायची, मलम लावायची, पट्टी बांधायची. आठ दिवसांनी पट्टी सोडली की तीच जखम, तोच वास.

डॉक्टर म्हणायचे, "चंद्राबाई, ही जखम वरून बरी होणार नाही. पायातलं रक्त वर चढवायला शिरांत झडपा असतात, त्या ढिल्या झाल्यात. रक्त खाली साचतंय. गळणारी शीर शोधून बांधली तर जखम आपोआप भरेल."

पण शीर सापडायची कशी? गोऱ्या माणसाच्या पायावर ती निळी दिसते. या बायकांची कातडी उन्हाने आणि मिठाने काळी पडलेली, राठ झालेली, त्यात सूज. डोळ्याला काही दिसत नसे, बोटाला काही लागत नसे. दोनदा डॉक्टरांनी अंदाजाने कापलं आणि दोनदा चुकलं.

त्रेपन्न सालच्या थंडीत त्यांच्याकडे विलायतेहून आलेल्या एका मासिकात त्यांनी काहीतरी वाचलं आणि ते हातात घेऊनच ते स्टुडिओत गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी महमूदभाईंना समजावलं, "आपल्याला दिसतो त्या तांबड्या उजेडाच्या पलीकडे आणखी एक उजेड असतो, डोळ्याला न दिसणारा. कातडी त्याला फारशी अडवत नाही. पण शिरेतलं काळपट रक्त त्याला गिळून टाकतं. त्या उजेडाचा फोटो निघाला तर शीर काळी दिसेल, कातडी पांढरी. सुई नको, सुरी नको. प्लेटा वेगळ्या मिळतात, मी मुंबईहून मागवतो. काढाल?"

महमूदभाई भले माणूस. नवं काही असलं की त्यांना हुरूप यायचा. ते लगेच हो म्हणाले.

पहिली पेशंट गव्हाणची वेणू. भरती बघून होडीने बंदराला आली आणि तिथून लंगडत स्टुडिओत. सहा वर्षांची जखम. मी तिचे पाय कोमट पाण्याने धुतले, पुसले. महमूदभाईंनी दोन मोठे दिवे लावले आणि कॅमेरा पुढे ओढला. वेणूने लुगड्याचा काष्टा घट्ट धरला.

"ह्या दादासमोर? नाय बा."

मी म्हटलं, "अगं, मिठागरात तर गुडघ्यापर्यंत खोचून उभी असतेस, शंभर माणसांसमोर."

"तितं काम करतंव. तितं कोन बगतंय? हितं त बगन्यासाठीच उबं केलंय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. डॉक्टर चिडले, महमूदभाई दिवे विझवून बाजूला झाले. तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा सरकवून ताहिराभाभी बाहेर आली. हात पदराला पुसत म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर जा. मी काढते."

महमूदभाई म्हणाले, "तुला कुठे येतंय?"

"तेरा वर्षं तुमच्या प्लेटा धुतेय. कुठे हललं, कुठे उजेड कमी पडला, मलाच तर दिसतं."

ते बाहेर गेले. आतल्या दारात तिची सासू कुलसुमबी अडकित्ता हातात घेऊन उभी होती. ती घरात मोठी, करारी बाई. म्हणाली, "पोटऱ्यांचे फोटो! मोहल्ल्यात काय तोंड दाखवायचं?" भाभीने दार लावलं आणि वेणूला लाकडी खोक्यावर उभं केलं.

ती पहिली प्लेट वाया गेली. दुसरी गेली, तिसरीही. या प्लेटांना उष्णता सोसत नव्हती. दोन दिवस उबेत राहिल्या तरी धुरकट व्हायच्या. मग भाभीने मासळीबाजारातून बर्फ आणवला आणि प्लेटांचे डबे डालड्याच्या मोठ्या डब्यात घालून बर्फात पुरले. तरी चित्र अंधुकच यायचं. डोळ्याने नीट जुळवलं तरी न दिसणाऱ्या उजेडाचा नेम वेगळा पडतो, हे तिला मासिकातून नाही, चुका करून कळलं. आधी साध्या उजेडात पाय नीट जुळवायचा, मग कॅमेऱ्याचा भाता केसभर मागे घ्यायचा, मग भिंगापुढे ती काळीभोर दिसणारी लाल काच चढवायची आणि मनात आठ मोजायचे. किती मागे घ्यायचं याची खूण तिने कॅमेऱ्याच्या लाकडी पट्टीवर सुईने ओरखडून ठेवली. प्लेट धुताना लाल दिवाही चालत नसे. पूर्ण काळोखात, हाताने चाचपत, आकडे मोजत. बाहेर आली की दोन मिनिटं डोळे चोळत बसायची.

अकराव्या प्लेटेवर वेणूचा पाय आला.

भाभीने त्याचा कागदावर काढलेला छाप माझ्या हातात दिला. दुधासारखा पांढरा पाय, आणि त्यात मांडीपासून घोट्यापर्यंत वळणं घेत उतरलेली जाडजूड काळी शीर. पोटरीच्या मागे तिला गुंतवळासारखे फाटे फुटलेले. त्या बाईचा पाय मी वर्षभर धुतला होता. त्यातलं एक बोटभरसुद्धा मला कधी दिसलं नव्हतं.

वेणूला दाखवलं तेव्हा तिने छाप उजेडात धरला, खाली-वर केला.

"ह्यो पाय माजा नाय. ह्यो कोना गोऱ्या बायचा हाय."

भाभी म्हणाली, "तुझाच. ही बघ तुझी जखम."

"मंग गोरा कसा?"

"कातडीचा काळेपणा त्या उजेडाला दिसतच नाही. सगळ्यांचे असेच येतात."

वेणूने पुन्हा पाहिलं. मग तिला हसू फुटलं. "माज्या सासूला दावा यो फोटू. काळी म्हून लय बोलली मना."

डॉक्टरांनी तो छाप टेबलाशेजारी टांगून दोन ठिकाणी कापलं आणि शीर बांधली. दीड महिन्यात जखम भरली. होळीच्या आधी वेणू पुन्हा मिठागरात उभी राहिली. ती बरी झाली म्हणून आम्हाला आनंद झाला, आणि कुठे गेली ते कळल्यावर डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतर बायका यायला लागल्या. भरतीच्या वेळा बघून, एस.टी.ने, बैलगाडीने. गव्हाणच्या, उरणच्या, नेऱ्याच्या शेतातल्यासुद्धा. भाभीने मंगळवार आणि शुक्रवार त्यांच्यासाठी ठेवले. फोटोआधी पंधरा मिनिटं उभं राहावं लागायचं, म्हणजे शिरा भरतात. दिवसभर उभ्या राहून पाय नासलेल्या बायका फोटोसाठीही उभ्याच. खोलीत दोन मोठ्या दिव्यांची धग. भाभी त्यांच्याशी बोलत राहायची, त्यांनी घेरी येऊन पडू नये म्हणून. घरी कोण, पोरं किती, भात कसं आलंय. प्रत्येकीचं ऐकायची. मग प्लेट, मग दुसरी, मग काळोखात अर्धा तास. मग घरचा स्वयंपाक, सासूची भाकरी, नवऱ्याची इतर कामं. संध्याकाळी मी छाप आणायला गेले की ती पायरीवर बसलेली असायची, पाय पुढे लांब करून. तिच्याही पोटरीवर शिरा फुगलेल्या होत्या. मी एकदा म्हटलं, तुझाही एक काढून घेऊ. ती म्हणाली, "उगाच प्लेट वाया जाईल." आणि उठून चुलीकडे गेली.

पंचावन्न साली डॉक्टरांचा लेख मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकात छापून आला. सहा फोटो. खाली लिहिलं होतं, छायाचित्रं महमूद, पनवेल. महमूदभाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी डॉक्टरांना गाठून म्हटलं, "साहेब, हे माझं नाही. माझा हातसुद्धा लागलेला नाही." डॉक्टर ओशाळले. पाटीवरचं नाव लिहिलं गेलं, म्हणाले, पुढच्या वेळी दुरुस्त करू.

भाभीला मी विचारलं, वाईट वाटलं का. ती छाप कापत होती. "पाय ज्यांचे आहेत त्यांची तरी नावं कुठे आहेत?" एवढंच म्हणाली आणि कात्री चालवत राहिली. पण तो अंक तिने कपाटात कपड्यांखाली जपून ठेवला होता, ते मला माहीत आहे.

छप्पन्न सालच्या भादव्यात, एका शुक्रवारी दुपारी, कुलसुमबीने सुनेला हाक मारली. तीन वर्षांत तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. बायका यायच्या तेव्हा ती आत सुपारी कातरत बसायची, मोठ्याने, ऐकू जाईल अशी. त्या दिवशी तिने विचारलं, "तो तुझा दिवा फक्त पायांवरच चालतो का?"

भाभीला कळलं नाही. "का, अम्मा?"

"हात न लावता काढतेस ना?"

"हो."

"मग दार लाव."

महमूदभाई नमाजाला गेले होते. कुलसुमबी खोक्यावर बसली आणि तिने चोळीची गाठ सोडली. हे सगळं भाभीने मला नंतर सांगितलं, तुटक तुटक, मधेच थांबत. डाव्या बाजूची कातडी एका ठिकाणी आत ओढली गेली होती, उशीला टाका घातल्यासारखी. भाभीने दिवे लावले, नेम जुळवला, भाता मागे घेतला, काच चढवली आणि आठ मोजले. कुलसुमबी समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. एकदाही पापणी हलली नाही.

ओली प्लेट टॉवेलात गुंडाळून भाभी धावत दवाखान्यात आली. इतक्या वर्षांत मी तिला रस्त्यावर धावताना पाहिलं नव्हतं. उजव्या बाजूला दोन-चार पुसट रेषा होत्या, कोणाही बाईला असतात तशा. डाव्या बाजूला जाड शिरांचं जाळं, प्लेटेवर उलट्या रंगात पांढरं, एकाच जागेकडे ओढलेलं.

"सांगा, काय आहे हे?"

मी म्हटलं, "भाभी, प्लेटेवरून नक्की सांगता येत नाही. हात लावून बघावं लागेल."

"लावू देणार नाही ती. म्हणून तर फोटो."

मी गेले. कुलसुमबीने मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टर नको. तू बघ." मी बघितलं. सुपारीहून मोठी, दगडासारखी घट्ट गाठ, जागची न हलणारी. काखेतही दोन बारीक.

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

भाभी खाली बसली. "दोन वर्षं? अम्मा, मी तीन वर्षं पलीकडच्या खोलीत बायका बघतेय. गावोगावच्या. आणि तुम्ही इथे…"

"तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही," कुलसुमबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पोराला कळता कामा नये. डॉक्टरला प्लेट दाखव हवी तर. मग ती फोड. मुलाने आईचं असं चित्र घरात ठेवायचं नाही."

भाभीने कबूल केलं.

डॉक्टरांनी प्लेट खिडकीशी धरून पाहिली. लगेच मुंबईच्या मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. मग म्हणाले, "ही प्लेट मला लागेल. अशी प्लेट या भागात दुसरी कोणाकडे नसेल. तिचं तोंड त्यात दिसत नाही, नाव कुठे येणार नाही. पुढच्या लेखात घालू. कितीतरी डॉक्टरांना उपयोग होईल."

ते खोटं बोलत नव्हते. उपयोग झालाही असता. भाभीने मान खाली घातली आणि प्लेट टॉवेलात गुंडाळून घेतली. "छाप काढून आणते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली. "फुटली, साहेब."

"फुटली?"

"हातातून निसटली."

तेरा वर्षं आणि वर तीन वर्षं काचा हाताळणाऱ्या बाईच्या हातून काच निसटली नव्हती, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. मग त्यांनी पेन उघडलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मला नंतर कळलं, कुलसुमबीच्या खाटेशेजारी, तिच्या डोळ्यांदेखत, भाभीने ती प्लेट वरवंट्याने फोडली होती.

मुंबईत ऑपरेशन झालं. महमूदभाईंना मात्र सगळं सांगावंच लागलं, फक्त फोटोचं तेवढं सोडून. कुलसुमबी घरी आली ती डावा हात सुजलेला, उचलत नसलेला. अकरा महिने जगली. त्या अकरा महिन्यांत भाभीचा दिवस सासूच्या पट्ट्या बदलण्याने सुरू व्हायचा. मी शिकवलं तशी ती करायची, माझ्याहून हळुवार. मग स्टुडिओ. मंगळवार-शुक्रवार तिने एकदाही चुकवला नाही. मी म्हटलं, थोडे दिवस बंद ठेव. ती म्हणाली, "त्या होडीने येतात, चंद्राबाई. परत कसं पाठवू?" महमूदभाई भात शिजवायला शिकले. कधी कच्चा, कधी करपलेला.

शेवटी शेवटी कुलसुमबी तिला जवळ बसवून घ्यायची आणि त्या दिवशी कोण कोण आलं ते विचारायची. कुठल्या गावची, पाय कसा, पोरं किती. भाभी सांगायची. सांगता सांगता तिथेच बसल्या जागी तिचा डोळा लागायचा, आणि म्हातारी उजव्या हाताने तिच्या अंगावर माशा बसू द्यायची नाही.

कुलसुमबी गेल्यावर चाळीस दिवस झाले आणि भाभीने पुन्हा दिवे लावले. पण पुढच्या वर्षी प्लेटा यायच्या बंद झाल्या. परदेशी माल आणायला सरकारची बंदी आली होती, फोटोचं सामान तर फारच मुश्किलीने मिळायचं. डॉक्टरांनी मुंबईत चार दुकानं पालथी घातली. मिळाल्या त्या आठ प्लेटा, त्यातल्या दोन धुरकट. वाट बघणाऱ्या बायका बारा होत्या. कोणाला उभं करायचं आणि कोणाला परत पाठवायचं, हे डॉक्टरांनी भाभीवर सोपवलं. तिने सहा जणी निवडल्या. उरलेल्या सहांशी ती स्वतः बोलली, मला बोलू दिलं नाही. त्यातली एक, नेऱ्याची भामा, जाताना तिला म्हणाली, "बाय, तुजा तरी काय विलाज हाय." भाभी त्या दिवशी जेवली नाही.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी वेणू आली. दुसरा पाय घेऊन.

"यो बी गेला," म्हणाली, जशी काही भांडं गळायला लागल्याची बातमी देतेय.

डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं, पट्टा बांधून पाहिलं, काही ठरेना. मग त्यांनी मला भाभीला बोलवायला पाठवलं. भाभी आली. तोपर्यंत तिने चारशेच्या वर पाय बघितले होते. तिने वेणूला उभं केलं, खाली बसली, आणि पोटरीला हात न लावता बराच वेळ नुसती बघत राहिली. सूज कुठे जास्त, कातडी कुठे चकाकते, जखमेचा कल कुठल्या बाजूला. मग माझ्याकडून शाईची काडी घेऊन तिने वेणूच्या पायावर मांडीपासून खाली एक रेघ ओढली आणि दोन ठिकाणी फुल्या मारल्या.

"इथे. आणि इथे. खात्री नाही, साहेब. प्लेट असती तर सांगितलं असतं."

डॉक्टरांनी दोन्ही ठिकाणी कापलं. वरची फुली बरोबर होती. खालची चुकली. शीर तिथून दोन बोटं मागे निघाली आणि डॉक्टरांना जखम वाढवून शोधावी लागली. वेणूचा पाय भरला, पण तिला बरं व्हायला तीन महिने लागले. भाभी दर आठवड्याला येऊन ती खालची जागा बघून जायची. वेणू तिला म्हणायची, "कशाला येतंस? मी कई बोलले का तुला?" भाभी म्हणायची, "तू नाही बोललीस."

त्यानंतर डॉक्टरांनी तिला पुन्हा कधी शाई दिली नाही, आणि तिने मागितली नाही.

त्रेसष्ट साली डॉ. चौबळांनी दवाखाना दुसऱ्या एका डॉक्टरला दिला आणि ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. जायच्या आधी ते स्टुडिओत आले. चहा घेतला. उठताना म्हणाले, "ताहिराबाई, त्या मासिकातली चूक दुरुस्त करायची राहून गेली."

"असू दे, साहेब."

"नाही, राहून गेली," ते पुन्हा म्हणाले आणि काठी घेऊन निघाले.

नव्या डॉक्टरांना पायांच्या प्लेटा नको होत्या. दवाखान्यात साठलेल्या सगळ्या त्यांनी स्टुडिओत पाठवून दिल्या. अकरा लाकडी पेट्या, जवळजवळ आठशे काचा. महमूदभाईंची छाती तेव्हा फार भरायची, कॅमेऱ्यामागे उभं राहवत नसे, त्यामुळे सगळा स्टुडिओ भाभीच चालवत होती. बोटीवर आणि आखातात नोकरीला जाणारे लोक पासपोर्टचे फोटो काढायला रांग लावायचे. पेट्या ठेवायला जागा नव्हती. तिने ठरवलं की काचा साफ करायच्या. काच चांगली होती, फोटोच्या चौकटींना चालली असती.

मी रजा काढून मदतीला गेले. अंगणात दोन घमेल्यांत कढत पाणी आणि धुण्याचा सोडा. काच बुडवायची, थोडा वेळ ठेवायची, मग पातीने वरचा थर खरवडायचा. थर सालीसारखा निघायचा. काचेवर उलट्या रंगात आलेला काळा पाय त्यातल्या पांढऱ्या शिरेसकट सुटायचा, दुमडायचा, आणि पाण्यात काळसर गाळ होऊन खाली बसायचा. पहिल्या दिवशी भाभी प्रत्येक काच उजेडाला धरून बघत होती. "ही नेऱ्याची, मुलगी होती तिच्या पोटात," असं काहीतरी म्हणायची. दुसऱ्या दिवशी तिने बघणं सोडलं. नुसती बुडवत होती, खरवडत होती, पुसून उभी करत होती. आमच्या दोघींची बोटं सोड्याने फुटली. तिची तर आधीच फुटलेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची पेटी संपली. आठशेतल्या साडेसहाशे काचा शाबूत निघाल्या होत्या, भिंतीला टेकून रांगेने उभ्या. महमूदभाईंनी आतून हाक मारली. खिचडी केली होती, बुडाला लागलेली. आम्ही तिघांनी ती खाल्ली. भाभीने ताट तिथेच सरकवलं, हात धुतले, आणि आतल्या खाटेवर जाऊन कुशीवर झोपली. महमूदभाईंनी तिच्यावर चादर घातली. तिला काही कळलंही नाही.

मी ताटं घासली. अंगणातलं काळं पाणी गटारात ओतलं, घमेली पालथी घातली. तेवढ्यात पुढच्या दारात उरणचा एक माणूस आला, नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून. परवाच्या बोटीने जायचं होतं, पासपोर्टचा फोटो हवा होता, आजच्या आज.

मी आत डोकावून पाहिलं. ती हललीसुद्धा नव्हती.

"उद्या सकाळी या," मी म्हटलं. "आज बंद आहे."

तो थोडा घुटमळला, मग गेला. मी दार ओढून घेतलं आणि कडी लावली.